पाण्यात चालतो, पण समुद्रावर चालतो का?

दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला होता, "पाण्यात चालतो ना?" तो म्हणाला, "तीन मीटर खोल न्या, काही होणार नाही." माणूस खोटं बोलला नव्हता. त्या मेटल डिटेक्टरच्या आत आजतागायत पाण्याचा थेंब गेलेला नाही. पण वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी कोरडी पुळण संपून ओली वाळू सुरू झाली आणि यंत्राने जो गळा काढला, तो मागे फिरेपर्यंत थांबला नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी सात खड्डे खणले. एकातही काही नव्हतं. म्हणजे होतं, मीठ.

ते यंत्र आता बदलापूरला मावसभावाकडे असतं. त्याच्या घरापासून उल्हास नदी सायकलवर दहा मिनिटं. गोड्या पाण्यात तेच यंत्र इतकं गुणी वागतं, की "तुला वापरताच येत नव्हतं" असं तो चारचौघांत सांगतो. मी वाद घालत नाही. यंत्रात पाणी शिरतं का हा एक प्रश्न, आणि यंत्राला खारं पाणी धातू वाटतं का हा दुसरा. जाहिरातीत पहिल्याचं उत्तर ठळक अक्षरांत असतं. मुंबईकराचे पैसे बुडतात ते दुसऱ्यापायी.

मीठ आणि काळी मिशी

यंत्राच्या खालच्या टोकाची तबकडी म्हणजे कॉइल. ती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात बारीक प्रवाह फिरतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलपर्यंत परत येतं. ते किती जोराने आणि किती मागे रेंगाळून आलं, यावरून यंत्र आवाज करतं, अंक दाखवतं. खारं पाणीही वीज वाहून नेतं. धातूच्या तुलनेत अगदीच कमी, पण कॉइलखाली अंगठी असते एक आणि खारट वाळू असते घमेल्यांनी. एवढ्या मिठाचा मिळून जो आवाज येतो तो पातळ सोन्यासारखा किंवा चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखा असतो. म्हणून मिठाचा आवाज दाबला की नाजूक सोन्याचाही सोबत दबतो.

आपल्याकडे दुसरी भानगड दगडाची. सह्याद्री काय नि अंधेरीची गिल्बर्ट हिल काय, सगळा बेसॉल्ट. त्याच्या झिजेतून आलेले काळे लोहकण किनाऱ्यावरच्या वाळूत मिसळलेले असतात. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून ओढा, पिशवीला काळी मिशी फुटेल. ही मिशी कुठे विरळ, कुठे दाट. एकाच किनाऱ्यावर पावसाळ्याआधी एक आणि नंतर दुसरी. यंत्र घेण्याआधी, तुम्ही जिथे जाणार तिथे हा दहा रुपयांचा प्रयोग करून या.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र या दोघांपैकी एकाचा बंदोबस्त करू शकतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करायची सोय, मिठाला जुळवला तर काळी वाळू ओरडते, तिला जुळवला तर मीठ. त्यातही लाटेगणिक ओल बदलते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राच्या कानाचा तिखटपणा, उतरवली की यंत्र गप्प बसतं, पण मग वितीवरचं नाणं सोडून चार बोटांवरचंच काय ते ऐकू येतं.

मल्टी फ्रिक्वेन्सीची यंत्रं अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी सोडतात. मीठ आणि लोहकण प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळं उत्तर देतात, आणि त्या फरकातून यंत्र दोघांनाही बरंचसं वजा करतं. इथे खोक्यावरचा मजकूर नीट वाचा. काही यंत्रांत तीन-चार फ्रिक्वेन्सी 'निवडता' येतात, पण एका वेळी चालते एकच. समुद्रासाठी ते सिंगलच समजा.

तिसरा प्रकार पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय. हे यंत्र एक ठोका देतं, थांबतं आणि मग ऐकतं. मिठातला प्रवाह बघता बघता विरतो, धातूतला रेंगाळतो. जरा उशिरा कान दिला की मीठ निघून गेलेलं असतं. ना मिठाचा त्रास, ना काळ्या वाळूचा फारसा. त्याची किंमत पुढे सांगतो, आणि मी पैशांची म्हणत नाही.

दोन उलट चुका

पहिल्यांदा घेणारा बहुधा दोन यंत्रांत अडकतो: नोक्टाचं सिम्प्लेक्स अल्ट्रा आणि मायनलॅबचं व्हॅनक्विश. दोन्ही परवडणाऱ्या गटातली, दोन्ही चांगली, आणि एकमेकांच्या बरोबर उलटी.

सिम्प्लेक्स अल्ट्रा १५ किलोहर्ट्झवर चालतं आणि पाच मीटर खोलीपर्यंत जलरोधक आहे. आधीचं सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं, तीन मीटरचं. अल्ट्रात बीच मोड, म्हणजे किनाऱ्यासाठीची सेटिंग, आहे आणि नवख्याला वाटतं की आता समुद्र जिंकला. बीच मोडने यंत्र शांत होतं खरं, पण ती शांतता कान थोडे बंद करून मिळवलेली असते. जुहूच्या कोरड्या वाळूत, भेळवाल्यांच्या गाड्यांच्या आसपास हे यंत्र झकास. नदीत त्याहून झकास. गुडघाभर लाटेत मात्र पाणी आत येणार नाही एवढीच त्याची हमी.

व्हॅनक्विशच्या ३४०, ४४० आणि ५४० या तिन्ही मॉडेलांत खरी मल्टी फ्रिक्वेन्सी आहे. ओल्या वाळूवर ते आपल्या किमतीच्या मानाने थक्क करतं. पण जलरोधक आहे ती फक्त कॉइल. पडदा आणि बटणं असलेला वरचा डबा नाही. म्हणजे सिम्प्लेक्स पाण्यात बुडवता येतं पण खाऱ्या पाण्याला बिचकतं, आणि व्हॅनक्विश खाऱ्या पाण्याला बिचकत नाही पण बुडवता येत नाही. एक बेसावध लाट पुरते. आकसा किंवा मढला पाठ फिरवून खणत बसणाऱ्याने तर हे यंत्र घेऊच नये.

तरीही बजेट एवढंच असेल आणि तुम्ही दादर, जुहू, वर्सोवा एवढंच फिरणार असाल, तर माझं मत व्हॅनक्विशकडे. मुंबईतला शोध नव्वद टक्के ओल्या आणि कोरड्या वाळूवर होतो, पाण्यात नव्हे. आपलं पाणी इतकं गढूळ की आत उतरण्यात तसाही अर्थ नसतो. गॅरेटचं एटी प्रो याच चर्चेत येतं: १५ किलोहर्ट्झ, तीन मीटर, दणकट, आणि लोखंडाचा आवाज वेगळा ऐकवण्यात फार हुशार. नदीसाठी आजही भरवशाचं. समुद्राच्या ओल्या वाळूवर मात्र सिंगलची जी रडकथा तीच त्याची.

जिथे पैसे खर्च करावेत

दोन्ही चुका टाळायच्या तर एक पायरी वर चढावं लागतं. तिथे नोक्टाचं लेजंड आणि मायनलॅबचं इक्विनॉक्स समोरासमोर उभी आहेत. दोन्ही एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतात, दोन्ही पूर्ण जलरोधक. नवी इक्विनॉक्स ७०० आणि ९०० पाच मीटरची, २०१८ ची जुनी ६०० आणि ८०० तीन मीटरची. लेजंडही तीन मीटर तर निश्चित. कंबरभर पाण्यात उभं राहणाऱ्याला तीन आणि पाच यांत काही फरक पडत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

किमतीत लेजंड स्वस्त. इक्विनॉक्स ७०० त्याच्या थोडं वर आणि ९०० बरंच वर. ९०० मध्ये २० आणि ४० किलोहर्ट्झ स्वतंत्रपणे निवडता येतात, ७०० मध्ये नाही. पण समुद्रावर तुम्ही मल्टीच लावणार, तेव्हा या दोन आकड्यांचा तिथे काडीचा उपयोग नाही. ९०० च्या खोक्यात सहा इंची छोटी कॉइल मिळते, ती मात्र नदीवर सोन्याच्या मोलाची. खरेदीचा निर्णय त्यावर करा, किलोहर्ट्झवर नको.

वाळूवर दोघांत किती फरक? इक्विनॉक्समध्ये बीचचे दोन मोड आहेत. पहिला वाळूसाठी. दुसरा लाटांसाठी, ज्यात यंत्र आपला जोर मुद्दाम कमी करतं. लेजंडमध्येही ओल्या आणि कोरड्या वाळूची वेगळी सोय आहे. माझ्या हाताला इक्विनॉक्स लाटेच्या रेषेवर थोडं शांत वाटलं, लेजंडचे मेनू नीट कळायला दोन रविवार गेले. पण त्यात बाटल्यांच्या बुचांसाठी खास सेटिंग आहे, आणि आपल्या चौपाट्यांवर बुचं किती असतात हे मी वेगळं सांगायला नको. मी लेजंड घेतलं. हाताशी जास्त पैसे असते तर ७०० घेतलं असतं का? नाही. त्या फरकात चांगलं खोरं आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगणारं हातातलं छोटं यंत्र) येतो.

मायनलॅबचं मँटिकोर आणि एक्सपीचं ड्यूस २ या महागड्या यंत्रांबद्दल थोडक्यात. दोन्ही अप्रतिम, ड्यूस २ तर वीस मीटरपर्यंत जातं. किंमत लेजंडच्या दुपटीहून जास्त. पहिलंच यंत्र म्हणून हे घेणारा माणूस पहिल्याच गाडीत शिकायला मर्सिडीज घेतो.

राहिलं पीआय. गॅरेटचं सी हंटर मार्क २ साठ मीटर खोल जातं, खाऱ्या पाण्यात निवांत असतं, खोलवरचं पकडतं. पण धातू कोणता ते सांगण्यात अगदीच कच्चं. खिळा, तार, हेअरपिन, अंगठी, सगळ्यांना एकच हाक. स्वच्छ पुळणीवर हे चालून जातं. गिरगाव किंवा जुहूला विसर्जनानंतरच्या आठवड्यात पीआय घेऊन जा आणि पाटीभर खिळे, तारा, चौकटींचे तुकडे घेऊन या. मायनलॅबचं एक्सकॅलिबर २ हा जुना पर्याय आहे. साठ मीटरचं, मल्टी फ्रिक्वेन्सीचं, पडदा नाही, नुसता आवाज आणि कायमचे जोडलेले हेडफोन. डुबकी मारणाऱ्यांचं यंत्र आहे. तुम्ही डुबकी मारता का?

रुपया लोखंड बोलतो

परदेशी मार्गदर्शक वाचून यंत्र घेणारा आपल्याकडे इथे ठेचकाळतो. तिकडचा पहिला सल्ला असतो, लोखंडाचा आवाज बंद ठेवा. आपला १९९२ नंतरचा एक रुपया आणि २००४-०५ नंतरचे दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे, आणि तेही चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचे. घाटांवर मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातून नाणी काढतात, ती याच गुणावर. यंत्राला हे नाणं धड लोखंड वाटत नाही आणि धड नाणंही. अंक खाली असतो, मध्येच वर उडी मारतो, बाजू बदलली की पुन्हा खाली. बाटलीचं बूचही असंच बोलतं. लोखंड बंद केलंत तर दिवसभराचे निम्मे रुपये वाळूतच राहतात. सुरू ठेवलंत तर बुचं खणा.

पाच रुपयांची पितळी नाणी, दहाची दोन धातूंची आणि नवी बाराकोनी वीसची स्पष्ट बोलतात. जुनी अॅल्युमिनियमची पाच, दहा, वीस पैशांची हलकी नाणी अजूनही निघतात आणि दर वेळी सोनं सापडल्यासारखी धडधड देतात.

सोन्याचंही तसंच. तिकडच्या अंगठ्या बहुतेक १० ते १८ कॅरेटच्या, आपले दागिने २२ चे. शुद्धता वाढली की वीज जास्त सहज वाहते, अंक वर सरकतो. म्हणून तिकडचे तक्ते इथे जसेच्या तसे लावू नका. यंत्र आणलं की पहिल्या संध्याकाळी घरातली बांगडी, जोडवी, पैंजण, मंगळसूत्राच्या वाट्या, नथ एकेक करून कॉइलवरून फिरवा आणि अंक वहीत लिहा. (सासूबाईंना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.) त्या संध्याकाळी एक धडा फुकट मिळेल. जाड पैंजण खणखणीत बोलतं आणि तेवढ्याच वजनाची नाजूक सोन्याची चेन जवळजवळ मुकी राहते, कारण यंत्राला अख्खी चेन दिसत नाही, सुट्या सुट्या कड्या दिसतात. चमकी तर विसराच. ती सापडली तरी खोऱ्याच्या भोकातून निसटते.

नदीवर

मुंबईत गोडं पाणी म्हटलं की आधी पवई आठवते. पवई तलावात मगरी आहेत. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, तिथे प्रवेशच नाही. मलबार हिलचं बाणगंगा हे पवित्र कुंड, तिथे खणायचा विचारही करू नका. म्हणजे गोड्या पाण्यासाठी लोकल पकडायची: बदलापूर-कर्जतकडे उल्हास, टिटवाळ्याला काळू, खडवलीला भातसा. क्रिकेटच्या किटबॅगेत यंत्र तीन तुकड्यांत मावतं आणि गर्दीत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नदीत मीठ नाही, तेव्हा मल्टी फ्रिक्वेन्सीची सक्ती नाही. इथे अडचण गोट्यांची. बेसॉल्टचे काही गोटे इतके चुंबकीय असतात की यंत्र त्यांनाच नाणं समजतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स हाताने जुळवता येईल असं यंत्र हवं, आणि दगडांच्या फटीत घुसणारी छोटी कॉइल. मावसभाऊ अकरा इंची कॉइल घेऊन दोन महिने दगडांवर आपटत बसला. छोटी लावली आणि पहिल्याच रविवारी घाटाच्या पायरीखालून ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया काढला. १९३९ पर्यंतच्या त्या ११.६६ ग्रॅमच्या नाण्यात जवळपास ९२ टक्के चांदी असते, आवाज घंटेसारखा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला निकेल.

फक्त नदीच करणार असाल तर सिम्प्लेक्स अल्ट्रा किंवा एटी प्रो घ्या, लेजंडवर पैसे घालू नका. पण दोन्हीकडे जाणार असाल, दहापैकी दोनच वेळा समुद्रावर असलात तरी, समुद्राचं यंत्र घ्या. ते नदीत चालतं, नदीचं समुद्रावर चालत नाही. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी जाऊ नका. धरणाचे दरवाजे उघडले की नदी सांगून वाढत नाही.

बाकीचा खर्च, आणि कायदा

यंत्रासोबत पिनपॉइंटर घ्या. गॅरेटचा नारिंगी प्रो-पॉइंटर एटी सहा मीटरपर्यंत जलरोधक आहे आणि गढूळ पाण्यात पडला तरी निदान रंगावरून दिसतो. वाळूचं खोरं परदेशातून मागवू नका. कुर्ल्या-साकीनाक्याकडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून स्टीलचं जाळीदार खोरं करून मिळतं. भोकं बारा मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, दांडा छातीपर्यंत यावा. वायरलेस हेडफोन पाण्याखाली मुके होतात, उतरायचं असेल तर वायरवालेच लागतात. पायात जाड बूट हवेत. काच तर आहेच, आणि गणपतीच्या दिवसांत उथळ पाण्यात पाकट असतात. घरी आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगच्या पिना कोरड्या करूनच केबल लावा. मिठाने सर्वात आधी त्याच जातात.

लोक विचारतात, हे कायदेशीर आहे का. वाळूतला कालचा रुपया उचलल्याने कुणी अडवत नाही. पण जमिनीत दडवलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा तेव्हाचा आहे, कुणी बदललेला नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते परदेशी विकता येत नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत यंत्र बाहेरही काढू नका, म्हणजे वसईचा किल्ला बाद. आणि कुणाची हरवलेली अंगठी मिळाली तर सरळ पोलीस ठाणं गाठा. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. जुहूला एका नवऱ्या मुलाची साखरपुड्याची अंगठी मी चाळीस मिनिटांत काढून दिली होती. त्या दिवशी मिळालेला वडापाव हीच माझी आतापर्यंतची सर्वांत मोठी कमाई.

झवेरी बाजारात गटाराचा गाळ धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतात. त्यांना विचारलं तर ते सांगतील की कुठे धुवायचं हे कळलं की पाटी कुठलीही चालते. आमच्या धंद्यात हे अर्धंच खरं. जागा कळली तरी चुकीची पाटी मीठच गोळा करते.

जुनं यंत्र घेणार असाल तर व्यवहार घरात करू नका. दिवाणखान्यात टाइल्सवर नाणं टाकून प्रत्येक यंत्र छान वाजतं. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती साधारण दुपारी बारा-एकला असते, म्हणजे सुकती सकाळी सहा-सातला. विकणाऱ्याला त्या वेळी जुहूला बोलवा. ओल्या वाळूवर कॉइल टेकवा, सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या वर ठेवा आणि काही न पुरता दहा पावलं चाला. तो म्हणेल, एवढ्या सकाळी कशाला, घरीच बघा ना. त्याला चहा पाजा, पण वाळूवरच.